इंजेक्टर तपासणीचं किट : पल्सर ठेवा, गेज बदला

जुन्या पेट्रोल गाडीचं आयडलिंग अडखळायला लागलं, की पहिला संशय इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हवर, जातो आणि पहिला खर्च टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीवर होतो. घाई दोन्हीकडे होते. प्लास्टिकच्या पेटीत मिळणारं इंजेक्टर तपासणीचं किट या घाईला लगाम घालू शकतं, पण त्यातली कुठली वस्तू कशासाठी आहे हे माहीत असेल तरच. ही किट अनेक नावांनी विकली जातात. आतला माल मात्र जवळजवळ तोच असतो. ० ते १० बारचं प्रेशर गेज, त्यावर प्रेशर सोडायचं बटण आणि पारदर्शक नळी, काही अ‍ॅडॅप्टर, चार-सहा नॉइड लाइट (इंजेक्टरला सिग्नल येतो का ते दाखवणारे दिवे) आणि इंजेक्टर ठराविक वेळ उघडणारा छोटा पल्सर.

निकाल आधीच सांगून टाकतो. पल्सर उत्तम. नॉइड लाइट ठीक. अ‍ॅडॅप्टर नशिबावर. आणि ज्याच्यासाठी बहुतेक जण हे किट घेतात ते गेज, नेमकं तेच सर्वांत कच्चं.

किट कुठे चालतं तेही आधी. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) पेट्रोल मारणाऱ्या, इलेक्ट्रिक इंजेक्टरच्या गाड्यांसाठी ते आहे. यांचं प्रेशर साधारण २.५ ते ४ बार असतं. १९७३ साली आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक पद्धतीत इंजेक्टर यांत्रिक असतो, त्याला वायरच नसते; तिथे नॉइड लाइट आणि पल्सर दोन्ही बिनकामाचे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनाच्या किंवा कॉमन रेल डिझेलच्या हाय प्रेशर बाजूला हे गेज लावायचा विचारही करू नका. तिथलं प्रेशर शेकड्यांत, डिझेलमध्ये हजाराच्याही वर जातं.

पेटी उघडण्याआधी

एक सिलिंडर मारत नसेल तर प्लग, प्लगची वायर किंवा कॉइल आणि कॉम्प्रेशन आधी बघा. हे तिन्ही ठीक निघाले तरच इंजेक्टरकडे वळायचं. कुठला सिलिंडर आळशी आहे हे शोधायला इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. काढल्यावर इंजिन ढासळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर गुन्हेगार तोच. आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आरपीएम पटकन सावरून घेतो, म्हणून काट्याकडे पहिल्या सेकंदातच बघायचं. प्लगची वायर उपसण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही.

दुसरी तपासणी मल्टिमीटरची, आणि मीटर या किटमध्ये नसतो. हाय इम्पिडन्स इंजेक्टरची कॉइल साधारण १२ ते १६ ओहम दाखवते, लो इम्पिडन्सची २ ते ४ च्या आसपास. लो इम्पिडन्सवाला मोजताना मीटरचे दोन्ही पिन आधी एकमेकांना टेकवून बघा. पिनांचाच ०.३–०.५ ओहम असेल तर तो वजा करायचा. २ ओहमच्या मापात एवढी चूक चालत नाही.

गरम इंजिनावर मोजलेल्या आकड्याने बरेच चांगले इंजेक्टर भंगारात गेले असतील. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २० अंशांना १४.५ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना १९ ओहमच्या घरात जाते, आणि हे दुखणं नव्हे. म्हणून चारही इंजेक्टर एकाच तापमानाला मोजा आणि एकमेकांशी ताडून बघा. तीन १४.५ वर आणि एक ११ वर असेल तर त्या एकाच्या कॉइलचे काही वेढे आपसात शॉर्ट आहेत. उलट, थंडीत चालणारी आणि गरम झाल्यावर मिसिंग येणारी गाडी असेल तर गरम असतानाच मोजायला हवं. आतली वायर तापल्यावर तुटक होते आणि मीटर थेट अनंत दाखवतो.

जुन्या काही गाड्यांत दोन इंजेक्टर ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) एकाच ड्रायव्हरवर, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या सर्किटवर, असतात. एक शॉर्ट झाला की तो जोडीदाराचाही करंट ओढतो आणि सिलिंडर दोन बंद पडतात. जोडीतले दोन्ही एकदम गेले तर लगेच ईसीयूला दोष देऊ नका. एक कनेक्टर काढा. दुसरा जिवंत झाला तर काढलेलाच खराब.

नॉइड लाइट : अर्धं उत्तर

इंजेक्टरचा कनेक्टर काढून त्यात हा छोटा दिवा खोचायचा आणि स्टार्टर मारायचा. लुकलुकला तर सिग्नल येतोय. अजिबात पेटला नाही तर सप्लाय नाही किंवा ईसीयू अर्थ देत नाही. सतत पेटून राहिला तर अर्थची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे. अशा गाडीचा तो सिलिंडर पेट्रोलने भरत असतो, स्टार्टर आणखी मारू नका.

बॉशच्या ईव्ही-१ इंजेक्टरचा दोन पिनांचा रुंद कनेक्टर जुन्या गाड्यांत सर्वत्र दिसतो आणि त्यात बसणारा दिवा प्रत्येक किटमध्ये असतोच. बाकीच्या दिव्यांपैकी तुमच्या गाडीला बसणारा एखाददुसराच निघेल. ‘जास्त दिवे म्हणजे चांगलं किट’ या जाहिरातीला भुलू नका.

दिव्याची खरी मर्यादा वेगळी आहे. तो अगदी थोड्या करंटवर लुकलुकतो. हाय इम्पिडन्स इंजेक्टर १२ व्होल्टला सुमारे ०.८ अँपिअर ओढतो. दिव्याला त्याचा छोटा अंशही पुरतो. त्यामुळे हिरवट झालेली पिन किंवा गंजलेला अर्थ असला, तरी दिवा छान लुकलुकतो आणि इंजेक्टर मात्र उघडत नाही. दिवा पेटला म्हणजे वायरिंग पास, असं समजणारा माणूस इथेच फसतो. मग बघायचं काय? इंजेक्टर जोडलेला आणि इंजिन चालू असताना सप्लाय पिनवरचा व्होल्टेज बॅटरीशी ताडा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर रिले, फ्यूज होल्डर आणि जोड तपासायला घ्या. जुन्या लो इम्पिडन्स गाड्यांत मात्र वाटेत मुद्दाम रेझिस्टर बसवलेला असतो; तिथे व्होल्टेज पडणारच.

ज्यांच्याकडे छोटा ऑसिलोस्कोप आणि करंट क्लॅम्प आहे त्यांना नॉइड लाइटची गरजच नाही. करंटची चढती रेघ जिथे किंचित मोडते, तिथे आतली सुई उचलली गेली. रेघ सरळ वर गेली आणि मोड दिसलाच नाही, तर करंट जातोय पण सुई अडकली आहे. दिवा हे कधीच सांगू शकत नाही.

गेज : इथे किट कमी पडतं

गेज लावण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधलं (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपमधलं) प्रेशर उतरतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, जोडाभोवती चिंधी गुंडाळा, अग्निशामक हाताशी ठेवा. रेलवर टेस्ट पोर्ट असेल तर काम दोन मिनिटांचं. नसेल तर पेट्रोलच्या पाइपमध्ये टी-जोड घालावा लागतो आणि किटमधले अ‍ॅडॅप्टर इथेच दगा देतात. जुन्या बँजो बोल्टच्या जोडाला तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर लागतो. तो दर वेळी नवा. किटमधल्या पातळ क्लिपा फेकून द्या आणि पेट्रोलच्या पाइपसाठीच्या क्लिपा वापरा.

गेज बसलं की फ्यूज आणि बॅटरीचा निगेटिव्ह परत लावा, इग्निशन ऑन करून पंप दोन-तीनदा चालू द्या, मग बटण दाबून नळीतून थोडं पेट्रोल बंद डब्यात सोडा, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. ही पायरी बरेच जण गाळतात. गेजच्या पाइपात अडकलेली हवा उशीसारखी दबते आणि सुटते. साधं प्रेशर तरीही बरोबर दिसेल, पण पुढच्या पल्सरच्या चाचणीत सगळे आकडे खोटे येतील.

रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) आणि व्हॅक्यूमवर चालणारा प्रेशर रेग्युलेटर असलेल्या गाडीत, आयडलवर प्रेशर ठरलेल्या आकड्यापेक्षा अर्ध्या बारच्या आसपास कमी दिसतं. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की ते वर चढायला हवं. चढलं नाही तर रेग्युलेटर किंवा पंप संशयित. काढलेल्या नळीतून पेट्रोलचा थेंब आला तर चर्चाच संपली. आतला पडदा फाटला आहे आणि इंजिन त्या नळीतून जादा पेट्रोल पितंय. अशा गाडीचे इंजेक्टर बदलून काळा धूर कधीच थांबत नाही.

प्रेशर कमी असेल तर इंजेक्टरवर खापर फोडू नका. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारचे २.५ बार झाले की चारही इंजेक्टर सुमारे ९ टक्के कमी पेट्रोल देतात. ओबीडी (दोष नोंदवणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोलचं माप किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा साधारण तेवढाच वर गेलेला दिसेल, ट्रिम आणखी वाढला तर कोड पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) येईल आणि लोक इंजेक्टर साफ करायला काढतील, तर दोष तुंबलेल्या फिल्टरचा. ट्रिमचा आणखी एक उपयोग आहे. आयडलवर ट्रिम वर आणि २,५०० आरपीएमला नॉर्मल असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. लोड वाढेल तसा ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही.

इंजिन बंद केल्यावर प्रेशर टिकलं पाहिजे. पाच-दहा मिनिटांत झपाट्याने पडलं तर तीन जागा. पंप पुन्हा चालवून प्रेशर आणा आणि लगेच रिटर्नचा रबरी पाइप चिमटा. प्रेशर थांबलं तर रेग्युलेटर. नाही तर सप्लायचा पाइप चिमटा. थांबलं तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह. दोन्हीकडून काहीच फरक नाही, तर एखादा इंजेक्टर गळतोय. चिमटायचा तो फक्त रबरी पाइप. नायलॉनचा कडक पाइप चिमटलात तर तो चिरतो. गळणारा इंजेक्टर म्हणजे सकाळी काही न करता सुरू होणारी, पण तासभर उभी राहिल्यावर लांबलचक क्रँक घेणारी आणि सुरू होताच काळा धूर सोडणारी गाडी.

आता गेजची तक्रार. या किटमधल्या साध्या गेजची अचूकता बहुधा २.५ क्लासची असते. याचा अर्थ पूर्ण डायलच्या २.५ टक्के, १० बारच्या डायलवर पाव बार, दोन्ही बाजूंना. ३ बारची गाडी तपासताना २.७५ दिसलं तर गाडी आजारी की गेज, कळायला मार्ग नाही. त्याहून वाईट म्हणजे डायलवरची एक बारीक रेघ ०.२ बारची. पल्सरच्या चाचणीत पास-नापासची सीमा असते ०.१ बार. म्हणजे अर्धी रेघ, तीही थरथरत्या काट्यावर!

उपाय सोपा आहे. ० ते ६ बारचं, ग्लिसरीन भरलेलं, मोठ्या डायलचं गेज घ्या आणि किटच्या पाइपावर बसवा. डिजिटल घेतलं तर आणखी बरं. फक्त आटे बघून घ्या. पाव इंची एनपीटीला (अमेरिकी पाइप-आटे) इंचात १८ आटे, पाव इंची बीएसपीला (ब्रिटिश पाइप-आटे) १९. दोन-तीन फेरे एकमेकांत फिरतात, बसल्यासारखे वाटतात आणि मग पेट्रोल गळतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून ही तफावत झाकायची नाही.

पल्सर : किटचा जीव

बॅटरीवर चालणारा हा डबा इंजेक्टर ठराविक वेळ उघडतो. सहसा तीन पर्याय असतात : ५०० मिलिसेकंदांचा एक पल्स, १० मिलिसेकंदांचे ५०, किंवा ५ मिलिसेकंदांचे १००. गुणाकार करून बघा, तिन्हींची बेरीज अर्धा सेकंदच. मग तीन बटणं कशाला, हे माहितीपत्रकात धड सांगितलेलं नसतं, आणि किटमधली सर्वांत हुशार गोष्ट तीच आहे.

इंजेक्टरची सुई उचलायला साधारण एक मिलिसेकंद जातो. एका लांब पल्समध्ये हा उशीर एकदाच होतो, शंभर छोट्या पल्समध्ये शंभरदा. म्हणून लांब पल्सवर चारही सारखे आणि छोट्या पल्सवर एकच मागे, असं दिसलं तर त्याचं भोक मोकळं आहे, सुई मात्र आळसावली आहे : चिकट थर, थकलेली स्प्रिंग किंवा कमजोर कॉइल. तिन्ही पर्यायांत तोच मागे पडत असेल तर भोक किंवा वरची जाळी तुंबली आहे. पहिल्याला आयडलवर त्रास जास्त, कारण गरम इंजिनात आयडलवर इंजेक्टर दर वेळी जेमतेम २ ते ४ मिलिसेकंद उघडतो. दुसरा चढावर आणि पूर्ण पिकअपला रडवतो.

चाचणी अशी. इंजिन थंड, सगळे इंजेक्टर कनेक्टर काढलेले. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. व्होल्टेज पडला की सुई उचलायचा वेळ वाढतो आणि शेवटचा इंजेक्टर विनाकारण नापास होतो. पंप चालवा, प्रेशर स्थिर होऊ द्या, आकडा लिहा. पल्सर एका इंजेक्टरला लावा, बटण दाबा, काटा खाली येऊन थांबला की लगेच आकडा लिहा. पुढच्या इंजेक्टरसाठी प्रेशर पुन्हा अगदी त्याच आकड्यावर आणायचं.

समजा ३.० बारपासून सुरुवात केली आणि चार इंजेक्टरनंतर काटा १.९, १.९, २.२ आणि १.९ वर थांबला. घट झाली १.१, १.१, ०.८ आणि १.१. सरासरी १.०२. तिसरा सरासरीहून ०.२ पेक्षा जास्त मागे, सर्वसाधारण ०.१ बारच्या मर्यादेत तो बसत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा. लक्षात घ्या, खराब इंजेक्टर स्वतःच सरासरी खाली ओढतो, म्हणून तो वगळून उरलेल्या तिघांशीही ताडा. एखाद्याची घट इतरांहून जास्त निघाली तर तो जादा पेट्रोल देतोय, आणि त्याच सिलिंडरचा प्लग काळा असेल.

एका फेरीत इंजेक्टर एकदाच मारायचा. मिनिटाला २०० सीसीचा इंजेक्टर अर्ध्या सेकंदात दीड सीसीहून जास्त पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ओततो. दोन-तीनदा मारलात तर प्लग भिजतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं. दुसरा पर्याय वापरून बघायचा तर मध्ये कनेक्टर जोडून इंजिन चालवून ते पेट्रोल जाळून टाका.

पल्सर नसताना काही जण इंजेक्टर थेट बॅटरीला लावून ‘टकटक’ ऐकतात. लो इम्पिडन्स इंजेक्टर असा लावला तर ५ अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि काही सेकंदांत कॉइल जळू शकते. हाय इम्पिडन्सवाला एवढ्या लवकर मरत नाही, पण आवाजावरून कळतं ते फक्त सुई हलते की नाही. भोक तुंबलेला इंजेक्टरही छान टकटकतो. किटमध्ये मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असेल तर त्याचाही उपयोग इतकाच.

किटमध्ये जे दिसत नाही

फवारा कसा पडतो हे हे किट दाखवत नाही. पेट्रोलचं माप बरोबर, पण फवाऱ्याऐवजी धार पडते, असा इंजेक्टर या चाचणीत पास होतो. त्याला बेंचवरच बघावं लागतं. अल्ट्रासॉनिक सफाई आणि प्रवाहाचं माप एकत्र करणाऱ्या ठिकाणी द्यायचा, आणि सफाईआधीचे व नंतरचे आकडे मागायचे. सेटमधला फरक २–३ टक्क्यांत आला तर उत्तम, ५ टक्क्यांपर्यंत चालवून घ्या. फक्त ‘साफ केले’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

टोकावरचा थर बसतो तो इंजिन बंद झाल्यावर. तापलेल्या टोकावर उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि जड भाग वार्निशसारखा चिकटतो. रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला हा त्रास जास्त. पॉलिइथरअमाइन असलेला क्लीनर असा पातळ थर हळूहळू काढतो, आणि पल्सरवर सुई आळशी निघाली असेल तर इंजेक्टर काढण्याआधी बाटली करून बघायला हरकत नाही. जाळीतला गंज, शॉर्ट कॉइल, कडक झालेली ओ-रिंग यातलं काहीही बाटलीने बरं होत नाही.

इंजेक्टर काढलाच तर जुनी ओ-रिंग परत बसवू नका. नवी रिंग इंजिन ऑइलच्या थेंबाने ओली करून, न पिळता, सरळ दाबून बसवा. कोरडी रिंग रेलच्या काठावर कापली जाते आणि पेट्रोल गरम इंजिनावर टपकतं. सगळं जोडून झालं की स्टार्टर मारण्याआधी पंप दोन-तीनदा चालवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा.

गेज सोडवल्यावर टेस्ट पोर्टही तसाच कागदाने पुसून बघा. ओला झाला तर आतला व्हॉल्व्ह कोअर किंचित आवळा. तरीही गळत असेल तर पेट्रोलसाठीचा नवा कोअर घाला. टायरचा कोअर तिथे आट्यात बसला, तरी त्याचं रबर पेट्रोलसाठी बनवलेलं नसतं.